दोन डग्गे आणि एक बत्ता

गाणारी माणसं दौऱ्यावरून शाली, नारळ आणि घसा बसल्याची तक्रार घेऊन परततात. तबलेवाले किस्से घेऊन परततात. यात कलेचा काही संबंध नाही. गाणारा पाच मिनिटं आधी येतो आणि तबलेवाला तीन तास आधी. तबला तिथल्या हवेत ठेवायचा, हवेची आणि त्याची ओळख होईपर्यंत शेजारी बसून राहायचं. बसून राहिलेल्या माणसासमोर बाकीचं जग येऊन काही ना काही करून जातं.

माझं दुखणं असं की मला बसवतच नाही. बोटं सतत काहीतरी वाजवत असतात. टेबल, गुडघा, बँकेचा काउंटर, एकदा तर सासऱ्यांची पाठ. आणि बोटं थांबली की पाय चालायला लागतात. त्यामुळे माझ्याकडे इतरांपेक्षा जास्त किस्से साठलेत. त्यातले हे अमिरातीतले, अकरा दिवसांचे.

आम्ही तिघं होतो. अलकाताई गायला, मुकुंद पेटीवर आणि मी. ताई नाट्यगीतं आणि अभंग गातात. वय त्रेसष्ट, आवाज तिशीतला, जीभ मात्र वयाला साजेशी. कार्यक्रम चार. दुबई, अजमान, अबू धाबी आणि शेवटच्या शनिवारी खोर फक्कान.

माझ्याकडे डग्गे दोन होते. डग्गा म्हणजे जोडीतला डावा, मोठा, घुमणारा. तो एकच पुरतो. आम्हाला घ्यायला आलेल्या प्रसादने गाडीत सामान भरताना विचारलं, "दादा, दोन का?"

"एक स्पेअर."

कुठला स्पेअर ते मी सांगितलं नाही. दोघांतला एक माझा नव्हता. ज्याचा होता त्याला परत द्यायला मी आलो होतो, कार्यक्रम हे निमित्त. अकरा दिवसांत मला ते जमेल की नाही, एवढाच माझ्यापुरता प्रश्न होता. पुढचं सगळं मी तो प्रश्न टाळत असताना घडलं.

* * *

पहिला किस्सा तर अमिरातीत पोचायच्या आधीच झाला.

तो दुसऱ्याचा डग्गा मी सामानात टाकला नाही. तांब्याचं जुनं भांडं, कुणी आपटलं म्हणजे? माझा नवा डग्गा दिला सामानात आणि हा खांद्याला लावला. मुंबईच्या विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि तशीच मागे आली. तिथल्या बाईंनी बाजूच्या खिशात हात घालून हातोडी बाहेर काढली.

तबल्याची हातोडी एवढीशी असते. हिचं डोकं पितळी, दांडा घामाने काळा झालेला, टोकाला काहीतरी कोरलेलं होतं तेही झिजून गेलेलं. इतकी वर्षं ती त्या खिशात राहत होती की बॅग खांद्याला लावताना ती तिथून काढायची हेच मी विसरलो होतो.

"सर, ये क्या है?"

"हातोडी. सुर मिलाने के लिए."

"सुर हातोडी से मिलाते हैं?"

मी तिथल्या तिथे चेन उघडून कडेला दोन ठोके मारून दाखवले. मागच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, वा. बाईंनीही मान हलवली. मग त्यांनी हातोडी माझ्या हातातून काढून घेतली आणि लायटर, कात्र्या, नेलकटरच्या खोक्यात टाकली.

"बहुत अच्छा बजाते हैं सर. अगला."

* * *

आमचा मुक्काम अजमानला प्रसाद आणि मृणालच्या घरी होता. प्रसाद पुण्याचा, नोकरी दुबईत, घर अजमानला. रोज पहाटे निघतो आणि ट्रॅफिकवर बोलत परत येतो. मृणाल एका शाळेच्या ऑफिसात. मुलगी इरा, नऊ वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत.

पोचल्यावर लगेच तबला बघितला तर सूर पार उतरलेला. हातोडी नाही. मी घरभर येरझाऱ्या घालायला लागलो. पेपरवेट बघितला, दाराचा स्टॉपर बघितला, प्रसादच्या डंबेलवर नजर गेली तेव्हा मृणालने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि खलातला बत्ता काढून दिला. पितळी, छोटा, वजनदार. मी त्याला रुमाल गुंडाळला आणि हळूहळू मारत गेलो, तर पाच मिनिटांत तबला लागला.

दारातून इरा ओरडली, "मम्मा, अंकल इज हिटिंग द ड्रम विथ अवर जिंजर थिंग."

त्या दिवसापासून घरात चहा आल्याशिवाय झाला. बत्ता माझ्या बॅगेच्या बाजूच्या खिशात गेला, हातोडीच्या जागी. मृणाल म्हणाली, "न्या हो शिरीषदादा. पण परत द्या. माझ्या आईने दिलेला आहे."

परत द्या म्हटल्यावर माझा चेहरा कसातरी झाला असणार. तिने विचारलं, काय झालं. आणि मी ओट्याशी उभा राहून, ज्या बाईला ओळखून सहा तास झाले होते तिला, जे बायकोलाही धड सांगितलं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं.

वसईत आमच्या गुरुजींचा क्लास होता. त्यात मी आणि पास्कल एकत्र शिकलो. पास्कल वसईचाच, चर्चच्या मागे घर, वडील सुतार. आमच्या दोघांत तो जास्त चांगला वाजवायचा. हे तेव्हाही मला माहीत होतं आणि आवडत नव्हतं. त्याचा डग्गा तांब्याचा, जुना, नुसता हात ठेवला तरी बोलायचा. माझा म्हणजे हलक्या पत्र्याचं भांडं. क्लासमधल्या सगळ्यांच्या बॅगा मात्र सारख्या, कारण गुरुजींच्या पत्नीने एकाच खाकी कापडातून शिवलेल्या.

गुरुजी गेले. त्यांच्या आठवणीत आम्ही सगळ्यांनी वाजवलं, बॅगा आतल्या खोलीत ओळीने ठेवलेल्या. जाताना ज्याने त्याने आपापली उचलली. घरी येऊन मी चेन उघडली तर आत पास्कलचा डग्गा.

"मग?" मृणालने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी परत करणार होतो. पण दुसऱ्या दिवशी अलकाताईंबरोबर माझा पहिला कार्यक्रम होता."

"आणि तोच नेला."

"तोच नेला. ताईंनी स्टेजवरून सांगितलं, या मुलाच्या डग्ग्यात माणूस बसलाय. पुढच्या आठवड्यात अजून एक कार्यक्रम. पास्कलने काही विचारलं नाही. महिन्याभराने कळलं की तो गल्फला गेला. वाजवणं सुटलं त्याचं. अठरा वर्षं झाली. वरच्या चामड्याच्या पुड्या चार वेळा बदलल्या मी, भांडं तेच."

मृणालने शांतपणे माझा फोन ओट्यावरून उचलून माझ्या हातात दिला. "नंबर आहे?"

होता. त्याच्या बहिणीकडून आणला होता. मेसेज केला, 'मी आलोय. शनिवारी दुबईत कार्यक्रम आहे. ये.' डग्ग्याचं काही लिहिलं नाही.

* * *

शुक्रवारी दुपारी मी खोलीत रियाज करत होतो. बेल वाजली. दारात मेंटेनन्सचा माणूस, हातात शिडी. वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंची कंप्लेंट आली होती की एसीचा कंप्रेसर घुमतोय. त्याने एसी उघडला, बघितला, बंद केला आणि गेला. मी परत सुरू केलं. वीस मिनिटांत तो परत आला. या वेळी कंप्लेंट पाइपातल्या हवेची होती. त्याने बाथरूममधले सगळे नळ सोडून बघितले.

तिसऱ्यांदा आला तेव्हा बरोबर बिल्डिंगचा नातूरही होता, म्हणजे वॉचमन. मला दया आली. मी दोघांना बसवलं आणि डग्ग्यावर मनगट दाबून एक घुमारा काढला. वरून बाईंनी लगेच जमिनीवर काठी आपटली.

मेंटेनन्सवाला बराच वेळ डग्ग्याकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून फॉर्म काढला.

"साब, इसमें तीन ही खाना है. एसी, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल. आपका किसमें डालूँ?"

इराने फॉर्म वाचला आणि सल्ला दिला, "पुट एसी. इट्स द बिगेस्ट बॉक्स."

* * *

दुबईचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. मी दोनला जाऊन बसलो. हॉलमध्ये इतकी थंडी की चहा कपात ओतेपर्यंत निवायचा. कोरड्या गार हवेत तबल्याची पुडी ताणते आणि सूर वर चढतो. बाहेर नेला की दमट हवेत उतरतो. मी तो उचलून बाहेर न्यायचो आणि आत आणायचो. सात फेऱ्या झाल्यावर हॉलच्या इन-चार्जला शोधून काढलं. केरळचा माणूस, अत्यंत थंड डोक्याचा.

"भाई, एसी थोडा कम होगा?"

"इधर एसी का दो ही पोझिशन है. चालू और खलास."

खलास केला असता तर चारशे माणसं मला शोधत आली असती. चालू राहिला. ताई शालीवर शाल घेऊन गायला बसल्या.

तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मी पास्कलसाठी धरून ठेवायला सांगितली होती. हात तबल्यावर, डोळे दारावर. दार उघडलं की माझी लय हलायची. एकदा एक बाई रडणाऱ्या बाळाला घेऊन बाहेर गेल्या तेव्हा मी चक्क समेच्या आधीच सम दिली. ताईंनी पदराआडून माझ्याकडे वळून विचारलं, "तबला थंडीने आखडलाय की तू?"

खुर्ची रिकामी राहिली. मध्यंतरात फोन बघितला. पास्कलचा मेसेज होता, 'ड्यूटी लागली रे. नेक्स्ट टाइम इन्शाल्ला.'

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मग हायसं वाटलं याची लाज वाटली. आणि दुसऱ्या भागात ताईंनी सवयीने मला माइकवरून शाबासकी दिली, "शिरीषच्या डग्ग्यात माणूस बसलाय." चारशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली.

* * *

रविवारी सगळे झोपलेले असताना मी घराबाहेर पडलो. ऑक्टोबर असूनही अजमानच्या उन्हात माझ्याशिवाय रस्त्यावर कुणी नव्हतं. हातोडी शोधायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं असतं तर एवढंच कारण सांगितलं असतं.

बाजारात एका पठाणाचं हार्डवेअरचं दुकान सापडलं. तबला बरोबर होता.

"क्या ठोकना है? लकडी, दीवार, लोहा?"

"चमडा."

त्याने आधी माझ्याकडे बघितलं. मग काही न बोलता आतून हातोड्या आणायला सुरुवात केली. सुताराची, गवंड्याची, चांभाराची, सोनाराची, टाइल बसवायची रबरी. काउंटरवर चौदा हातोड्या झाल्या. मी एकेक घेऊन तबल्यावर मारून बघत होतो. सुताराचीने सूर एकदम उडायचा, सोनाराचीने काही व्हायचंच नाही, रबरीने तबला नुसता गोंधळून गेला. दुकानात माणसं जमली. एक जण फरशी घ्यायला आला होता, तो दर हातोडीला निकाल द्यायला लागला. "नही. ये भी नही. वो पहलेवाला फिरसे."

शेवटी मी खिशातून बत्ता काढला आणि तबला लावून दाखवला. पठाणाने बत्ता हातात घेतला, तोलला, वास घेतला.

"अद्रक?"

"जी."

"उस्ताद, औजार तो आपके पास है. फिर आप ढूँढ क्या रहे हैं?"

त्याने आपल्या परीने साधा प्रश्न विचारला होता. मी बत्ता रुमालात गुंडाळून परत खिशात घातला. त्याने चहा पाजला आणि चौदा हातोड्या परत जागेवर लावायला घेतल्या, मी त्याला मदत करू लागलो.

* * *

मंगळवारी मृणालने सुट्टी घेतली. माझ्यावर तिचा विश्वास राहिला नव्हता. पास्कल एका केटरिंग कंपनीत आहे, तिचं मोठं किचन दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, आणि शनिवारी तो खोर फक्कानला बंदरावरच्या माणसांची मेस बघतो, हे सगळं तिनेच माझ्याकडून मेसेज करवून काढून घेतलं होतं. मंगळवारी तो अकरा ते बारा मोकळा. प्रसादने सकाळची मीटिंग पुढे ढकलली. "दादा, मॅनेज करतो. असं काही आमच्याकडे होतच नाही."

डग्गा मागच्या सीटवर मृणालच्या शेजारी, बेल्ट लावून. मी पुढे.

प्रसादची गाडी जुनी. एकशे वीसच्या वर गेली की टिंग, टिंग, टिंग असा आवाज करते. हायवेला लागल्यावर ती बोलायला लागली आणि माझी बोटं डॅशबोर्डवर गेली. टिंगवर टिंग धरून तीनताल सुरू केला. प्रसादला मजा वाटली. स्पीड कमी झाला की टिंग बंद आणि ताल तुटायचा, म्हणून तो बिचारा काट्यावर डोळा ठेवून बरोबर एकशे बावीसवर गाडी धरून बसला. मी कायदा धरला, पलटे घेतले, तिहाई टाकली. प्रसाद मान डोलावत होता.

"सम कधी येणार आहे?" मागून मृणालने विचारलं. "एक्झिट गेली म्हणून विचारलं."

तिकडे एक्झिट चुकली की गाडी वळवायला कोण जाणे किती लांब जावं लागतं. त्यात पुढे ट्रक आडवा झालेला. परत पोचेपर्यंत साडेबारा वाजले होते आणि पास्कलची ड्यूटी लागली होती. गेटवरूनच वळलो.

प्रसाद वाटेत तीनदा सॉरी म्हणाला. शेवटी मलाच राहवलं नाही. "तुझी चूक नाही. एक्झिटचा बोर्ड मी पाहिला होता."

प्रसाद एकशे दहावर चालवत राहिला.

* * *

अबू धाबीहून परतताना ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मुकुंद मागे घोरत होता. मृणालने त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण त्यांनी प्रस्तावना केलीच नाही.

"अठरा वर्षं मी एक गोष्ट बघतेय. मी तुझ्या डग्ग्याची स्तुती केली की तू खाली बघतोस. मला वाटायचं, काय विनयी मुलगा आहे."

मी खिडकीच्या काचेवर बोटं वाजवत होतो. त्यांनी माझा हात धरून खाली ठेवला.

"दिल्यावर कशावर वाजवणार आहेस?"

"नवा आणलाय. बरा आहे."

"ऐकलाय मी, सकाळी तू वाजवत होतास तेव्हा. बरा नाहीये. तरी दे. आणि कार्यक्रमाच्या आधी दे. नंतर देईन म्हणालास तर तू देणार नाहीस."

मला माणसं इतकी चांगली ओळखतात याचा मला त्या दिवशी राग आला.

* * *

आता खोर फक्कान.

डोंगरातून, बोगद्यांतून रस्ता जातो आणि एकदम समोर समुद्र. कार्यक्रम संध्याकाळी पाचला, आम्ही साडेअकराला पोचलो. ताई आणि मुकुंद आयोजकांच्या घरी टेकले. मी समुद्राकाठी तीन चकरा मारल्या. बंदराच्या क्रेन कंटेनर उचलून ठेवत होत्या, मी त्यांची लय मोजली. चौथ्या चकरेला मृणालने समोर गाडी आणून उभी केली आणि दार उघडलं. ती मेसच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "मी इथे आहे. पळायचं नाही."

जेवणाची वेळ नुकतीच संपली होती. लांब स्टीलची टेबलं पुसली जात होती. पांढरी टोपी घातलेला एक जाड माणूस वहीत काहीतरी टिपत उभा होता. केस पिकलेले. मी ओळखलं ते त्याच्या डाव्या हातामुळे. पेन उजव्या हातात होतं आणि डावं मनगट टेबलावर सावकाश पुढे-मागे घासत होतं, डग्ग्यावर घासतात तसं.

"पास्कल."

"आलास शिऱ्या." त्याने टोपी काढली. "जाडा झालास रे."

"तूही."

त्याने दोन कडक चहा मागवले. आम्ही समोरासमोर बसलो. गुरुजींच्या पत्नींची चौकशी झाली, त्याच्या बहिणीची झाली, माझ्या मुलाची झाली. मग मी बॅग उचलून टेबलावर ठेवली, चेन उघडली आणि तांब्याचा डग्गा बाहेर काढला.

पाठ केलेलं सगळं बोललो. चुकून आला, पण नंतर चुकून ठेवला नाही. कळत होतं आणि ठेवला. या भांड्यावर माझं नाव झालं आणि तुझं वाजवणं सुटलं. माफी मागायला तोंड नाही. तुझा आहे, घे. बोलताना माझी बोटं पहिल्यांदाच कशावर वाजत नव्हती.

पास्कलने डग्गा जवळ ओढला. कडेला पोचा आला होता तिथून अंगठा फिरवला. मनगट ठेवून एकच घुमारा काढला. टेबलं पुसणारी माणसं वळून बघायला लागली.

"चांगला ठेवलास," तो म्हणाला. "चुकून नव्हता आला रे. बॅगा मी बदलल्या होत्या."

मला काही कळेना.

"व्हिसा आला होता माझा. कुणाला सांगितलं नव्हतं. तो इकडे आणून काय करणार होतो? सोळा जण एका खोलीत राहायचो आम्ही. तिकडे ठेवला असता तर माळ्यावर पडला असता. आणि तुझा तो पत्र्याचा डबा ऐकवत नव्हता. दुसऱ्या दिवशी अलकाताईंसमोर तू तो घेऊन बसणार होतास."

"अरे, मग सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर घेतला असतास? तू? माझ्याकडून?" तो हसला. "चोरलास म्हणून तर जपलास."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. अठरा वर्षं मी ज्याला तोंड चुकवत होतो तो माझ्यासमोर चहा ढवळत बसला होता. मी विचारलं, माझा जुना डग्गा कुठाय. म्हणाला, वसईला, बहीण त्यात पुदिना लावते, चांगला येतो.

"मग मला टाळत का होतास? दुबईला ये म्हटलं, ड्यूटी सांगितलीस."

आता तो जरा अवघडला. टोपी हातात फिरवत राहिला.

"ड्यूटी नव्हती. लाज वाटत होती रे. एक गोष्ट मागायची होती तुझ्याकडे. इतकी वर्षं वाटतंय फोन करावा. पण ती मागायची तर डग्ग्याचं सांगावं लागणार, आणि सांगितलं की तू तो परत करणार. म्हणून नाही केला. आता तू स्वतःच आलास तर मागतो."

"माग ना. काय वाटेल ते माग."

"बॅग बदलली तेव्हा घाईत एक गोष्ट आत राहून गेली. ती द्यायची नव्हती मला. बाबांनी माझ्यासाठी घडवलेली. पितळेचं डोकं त्यांनी स्वतः ओतून घेतलं होतं आणि दांड्याच्या टोकाला बारीक क्रूस कोरला होता. बाबांच्या हातची तेवढी एकच वस्तू होती माझ्याकडे. बाबा गेले तेव्हा मी इकडे होतो, सुट्टी नाही मिळाली." त्याने बॅग आपल्याकडे वळवली. "डग्गा तू ठेव, संध्याकाळी यावरच वाजव. मी ऐकायला येतो. मला फक्त ती हातोडी दे. मला माहीतेय तू टाकली नसशील. डग्गा इतका जपलास."

आणि मी काही बोलायच्या आत, लहान मुलाने दिवाळीला कपाट उघडावं तसा, त्याने बाजूच्या खिशात हात घातला.

हाताला जड काहीतरी लागलं तेव्हा तो हसला. मग त्याने ते बाहेर काढलं, रुमाल सोडला आणि मृणालचा बत्ता टेबलावर ठेवला. आधी तो बत्त्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"अजून एक चहा घेणार?" मी त्याला विचारलं. मेस त्याची होती.